अफरातफर : एक सोयीचा शब्द

आमच्या गल्लीतील गणेशोत्सवाचा हिशेब अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी वाचून दाखवतात. यंदा वर्गणीतील साडेचार हजार रुपयांचा मेळ बसेना. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी एक आजोबा म्हणाले, "थोडी अफरातफर झालेली दिसते." शेजारच्या कन्नड काकांनी दुजोरा दिला, "हौदु, लेक्कदाग स्वल्प हेच्चु-कम्मी आगेति." चहा आला, सभा संपली. पावतीपुस्तक कुणीच मागितले नाही. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. पण मीसुद्धा गप्प बसले.

घरी येऊन या शब्दाच्या मुळाशी गेले. 'अफरातफर' ही मुळात अरबी शब्दांची जोडी. 'इफ्रात' म्हणजे अतिरेक, मर्यादेपलीकडे जाणे; 'तफ्रीत' म्हणजे कमी पडणे, हयगय करणे. फारसीच्या वाटेने ही जोडी आपल्याकडे आली. हिंदी-उर्दूत तिची 'अफरातफरी' झाली व अर्थ उरला गोंधळ, धावपळ. मराठीत मात्र ती जमाखर्चाच्या वहीत शिरली आणि पैशाच्या अपहाराला चिकटली. म्हणजे आजोबांची अफरातफर आणि काकांचे 'हेच्चु-कम्मी' यांचा मूळ अर्थ जवळजवळ एकच : कमी-जास्त! भाषा निराळ्या, पण पांघरूण एकाच कापडाचे.

कौटिल्याने असे पांघरूण घातले नाही. अर्थशास्त्रात त्याने कोशक्षयाची आठ कारणे दिली आहेत. त्यांतले शेवटचे 'अपहार'. आलेली रक्कम जमा न दाखवणे, खर्ची लिहिलेली रक्कम प्रत्यक्षात न देणे, हाती असलेली शिल्लक नाकारणे, म्हणजे अपहार. एवढ्यावर न थांबता त्याने सरकारी पैसा खाण्याचे चाळीस मार्ग सांगितले. आजचा कायदाही स्पष्ट आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील फौजदारी न्यासभंगाचा गुन्हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आला. विश्वासाने सोपवलेला पैसा अप्रामाणिकपणे वापरणे, हे त्याचे मर्म.

कुणी म्हणेल, गल्लीत सलोखा राहावा म्हणून मऊ शब्द वापरला तर बिघडले काय? बिघडते ते असे. तेरीज जुळत नाही तेव्हा आम्हाला शिकवतात की आधी चूक शोधा. चूक सापडली तर एका दुरुस्तीच्या नोंदीने ती सुधारते. खिशात गेलेला पैसा मात्र नोंदीने परत येत नाही. 'अफरातफर' म्हणताच हा फरकच पुसला जातो. पैसे खाणारा सुटतो. आणि ज्याची खरोखर बेरीज चुकली, त्या प्रामाणिक माणसाकडेही लोक आयुष्यभर संशयाने पाहतात. शब्द मऊ, पण अन्याय दुहेरी!

साडेचार हजार रुपये कुठे गेले, हे मला आजही ठाऊक नाही. ती चोरी होती असेही मी म्हणत नाही. माझी तक्रार एवढीच की, एका शब्दाने आमची चौकशी थांबवली.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कित्येकजण बँकांत, सहकारी संस्थांत, कचेऱ्यांत दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब लिहिणार आहेत. तेव्हा चूक असेल तर चूक म्हणू या, चोरी असेल तर चोरी. मराठीत म्हणा की कन्नडमध्ये. पण त्याआधी पावतीपुस्तक मागू या. पुढच्या वर्षी त्या सभेत मी ते मागणार आहे.