एक दिवस पुस्तकांच्या सोबतीने

धावण्याच्या शर्यती तुम्ही पाहिल्या आहेत. मॅरेथॉन ही त्यांतली फार लांब पल्ल्याची शर्यत. तिच्यात ४२ किलोमीटरहून अधिक अंतर धावावे लागते. पण एका जागी बसून पूर्ण करायचीही एक मॅरेथॉन असते. ती म्हणजे वाचनाची मॅरेथॉन. हिच्यात कोणी कोणाला मागे टाकत नाही. पुस्तकांची आवड असलेली माणसे एकत्र जमतात, शेजारी शेजारी बसतात आणि दिवसभर वाचत राहतात. अशा वाचनात तुम्ही एकदा तरी भाग घ्यावा आणि आपल्या शाळेतही असा एक दिवस पाळावा, असे मला वाटते. ते का, हे पुढे सांगतो.

महाराष्ट्रात असा उपक्रम नवीन नाही. १४ एप्रिल हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्मदिवस. या दिवसाच्या निमित्ताने अनेक महाविद्यालयांत, ग्रंथालयांत आणि अभ्यासिकांत सलग १८ तास वाचन केले जाते. बहुतेक ठिकाणी सकाळी ६ वाजता सुरुवात होते आणि रात्री १२ वाजता शेवट होतो. चहा आणि जेवण यांसाठी तेवढी सुट्टी असते. बाबासाहेब दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास करीत, असे सांगतात. म्हणून हा आकडा. थोर पुरुषाच्या तसबिरीला हार घालणे सोपे असते. त्यांच्यासारखे पुस्तक हातात घेऊन बसणे अवघड असते. मला हे दुसरे अभिवादन अधिक मोलाचे वाटते.

बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन आठवून पाहा. मुंबईत परळच्या एका चाळीत त्यांचे कुटुंब एका खोलीत राहत असे. तीच स्वयंपाकाची खोली, तीच बसण्याची आणि तीच झोपण्याची. अशा घरात शांतपणे वाचायचे कुठे? म्हणून त्यांचे वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपायला लावत आणि रात्री दोन वाजता उठवत. सारे घर झोपलेले असे, तेव्हा मुलगा अभ्यास करी. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे त्याच्याकडे लक्ष गेले. १९०७ साली हा मुलगा मॅट्रिक पास झाला, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे १९३०च्या दशकात बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ हे घर बांधले. ते बांधताना त्यांनी पुस्तकांच्या जागेचा मुद्दाम विचार केला होता. ज्याला लहानपणी वाचायला कोपरा मिळाला नाही, त्याने पुस्तकांसाठी घर बांधले.

दुसरे उदाहरण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे. त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ रोजी रामेश्वरम येथे झाला. घरची परिस्थिती साधीच होती. लहानपणी त्यांनी वर्तमानपत्रे वाटण्याच्या कामात आपल्या नातेवाइकाला मदत केली. त्यांच्या गावात माणिकम् नावाचे एक देशभक्त गृहस्थ होते. त्यांच्या घरी पुस्तके होती. ती ते या मुलाला आनंदाने वाचायला देत. कलामसाहेबांच्या निधनानंतर, २०१५ सालापासून, त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिवस’ म्हणून साजरा होतो. अनेक शाळांत त्या दिवशी दप्तर घरी ठेवून यायचे असते आणि आवडीचे पुस्तक वाचायचे असते.

या दोन्ही गोष्टींतून काय दिसते? मुलाला वाचनाची आवड असली, तरी तेवढ्याने भागत नाही. वाचायला जागा लागते, वेळ लागतो आणि कोणाची तरी सोबत लागते. बाबासाहेबांना बागेत जागा शोधावी लागली. वेळ मध्यरात्री काढावा लागला. एकाला केळुसकर भेटले, दुसऱ्याला माणिकम् भेटले.

आता आपल्याकडे पाहू. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी वाचायला स्वतंत्र खोली आहे? धाकटी भावंडे खेळत असतात. टीव्ही सुरू असतो. मोबाइल वाजत असतो. कोणी यंत्रमागाच्या खडखडाटात राहतो, कोणी बाजारपेठेत राहतो. मुलींची अडचण आणखी वेगळी असते. मुलगी पुस्तक घेऊन बसली, की कोणीतरी हाक मारते, “बसून काय राहिलीस? जरा पाणी भर, पोळ्या लाट.” पाठ्यपुस्तक असेल तर निदान “अभ्यास करते आहे” असे म्हणता येते. गोष्टीचे पुस्तक असेल, तर तेही म्हणता येत नाही. वाचणे म्हणजे रिकामे बसणे, असे अनेक घरांत समजतात.

शाळेने वाचनाचा दिवस ठरवला, की हा प्रश्न निदान एका दिवसापुरता सुटतो. त्या दिवशी वाचणे हेच काम असते. वर्गाची खोली शांत असते. समोर पुस्तके असतात. कोणी हाक मारणार नसते. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत, त्यांना या दिवसाचे फारसे अप्रूप वाटणार नाही. ज्यांच्या घरी एकही पुस्तक नाही, त्यांच्यासाठी तो खरा सणाचा दिवस आहे. म्हणून हा उपक्रम केवळ हौशी मुलांचा राहू नये. त्यात सर्वांना, विशेषतः मुलींना, सामावून घ्यावे.

सोबतीचा फायदा तर निराळाच आहे. वाचन हे एकट्याने करायचे काम आहे, हे खरे. पण त्याची सवय सोबतीने लवकर लागते. लांबचा रस्ता सोबत असली की लवकर सरतो, तसेच हे आहे. पहिला तास मजेत जातो. दुसऱ्या तासाला पाय अवघडतात. दुपारी जेवणानंतर डोळे मिटू लागतात. एकटे असतो, तर पुस्तक बाजूला ठेवून आपण झोपलो असतो. पण शेजारचा मित्र वाचतो आहे, समोरची मुलगी पान उलटते आहे, हे पाहून आपणही नेटाने पुढे वाचतो. आणि मग कुणीतरी वाचता वाचता हळूच हसते. सगळ्यांच्या मनात येते, हा काय वाचतो आहे? सुट्टीत त्या पुस्तकासाठी रांग लागते. शिक्षकांनी दहा वेळा सांगून जे होत नाही, ते मित्राच्या एका हसण्याने होते.

काहीजण या उपक्रमांवर टीका करतात. ते म्हणतात, “एक दिवस वाचून काय होणार? हा तर नुसता देखावा.” या बोलण्यात थोडे तथ्य आहे. फोटो काढायचे, पाने मोजायची, सर्वांत जास्त पाने वाचणाऱ्याला बक्षीस द्यायचे, असे केले तर तो देखावाच होतो. मग मुले वाचत नाहीत, नुसती पाने उलटतात. माझ्या मते अशा दिवशी बक्षीस ठेवूच नये. कोणी दहा पुस्तके संपवील, तर कोणी एकाच पुस्तकाची चाळीस पाने समजून वाचील. दोघांचेही कौतुक करावे. तसेच, १८ तास ही मोठ्या विद्यार्थ्यांची गोष्ट आहे. शाळेतील मुलांना सकाळी ८ ते सायंकाळी ५ एवढा वेळ पुरे. दर तासाने थोडे उठावे, पाणी प्यावे, डोळ्यांना विसावा द्यावा. दुपारच्या सुस्तीच्या वेळी एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे.

काय वाचावे, हाही प्रश्न आहे. आपल्या शाळेतील वाचन दोन्ही भाषांत व्हावे. सकाळी मन ताजे असते, तेव्हा मराठी पुस्तक घ्यावे. नंतर उर्दू गोष्टी आणि मासिके आहेतच. मराठी वाचताना भिऊ नका. कागद, कलम, शाई, जमीन, इमारत, वकील हे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. ‘दप्तर’ शब्दाची तर गंमतच आहे. उर्दूत ‘दफ्तर’ म्हणजे कचेरी. मराठीत तोच शब्द तुमच्या पाठीवर बसला आहे! एखादा शब्द अडला, तर दर वेळी शब्दकोश उघडू नका. पुढचे वाक्य वाचा. पुष्कळदा अर्थ आपोआप उलगडतो.

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक सुरुवातीला चांगले. त्यात एकेका रात्री सांगितलेली एकेक आठवण आहे. भाषाही साधी आहे. हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मौलाना अबुल कलाम आझाद यांचे ‘गुबारे खातिर’ हे प्रसिद्ध उर्दू पुस्तकही असेच आहे. त्यातील बहुतेक पत्रे १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेली आहेत. त्याची भाषा कठीण आहे, तेव्हा ते मोठेपणी वाचा. एक मराठी, एक उर्दू, पण दोन्ही महाराष्ट्राच्या भूमीवर आणि बंदिवासात लिहिली गेली. त्यांच्या लेखकांना मोकळीक नव्हती, तरी त्यांनी लिहिले. आपल्याला मोकळीक आहे, तर आपण वाचायला नको का?

आता शेवटची गोष्ट. वाचनाचा दिवस संपला, की खरे काम सुरू होते. रोज केवळ १५ मिनिटे वाचले, तर वर्षाला सुमारे ९१ तास होतात. म्हणजे १८ तासांच्या पाच बैठका! थेंबे थेंबे तळे साचे, ते असे. त्यासाठी शाळेच्या ग्रंथालयाचे कपाट कुलपात राहता कामा नये. त्याची किल्ली कोणाकडे असते, ते विचारा. पुस्तक मागा. वाचून वेळेवर परत करा आणि दुसऱ्याला त्याविषयी सांगा. तुमच्या गल्लीत एखादा लहान मुलगा किंवा मुलगी पुस्तकाकडे आशेने पाहत असेल. त्यांच्यासाठी तुम्हीच केळुसकर व्हा, तुम्हीच माणिकम् व्हा.