त्यांना लुटुपुटीचे यंत्र, आम्हाला खरे कर्ज



मुंबईच्या उपनगरात, पवई तलावाच्या काठी आयआयटीचे भले मोठे आवार आहे. कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्यांचा त्या आवाराशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, म्हणून लिहितो.

केंद्र सरकारच्या पैशातून 2009 पासून देशातल्या मोठ्या तंत्रशिक्षण संस्थांनी मिळून 'व्हर्च्युअल लॅब' उभ्या केल्या. पवईची आयआयटी त्यातलीच एक. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर यंत्र चालवतो, दाब वाढवतो, आकडा चुकवतो. आलेख वाकडा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. यंत्र जळत नाही, कोणाचा पैसा बुडत नाही. भातुकलीत भात करपला म्हणून कोणी उपाशी झोपत नाही, तसाच हा प्रकार. आणि शिकण्याची ही रीत उत्तम आहे, माझे तिच्याशी भांडण नाही.

भांडण आहे ते वाटणीशी. आमची प्रयोगशाळा म्हणजे बापजाद्यांचे पाच एकर, आणि एक प्रयोग म्हणजे एक वर्ष. चाळीस वर्षे शेती केलेल्या माणसाचे प्रयोग होतात चाळीस. त्यातही एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षी येत नाही, म्हणजे एकही प्रयोग पुन्हा करून ताडून बघता येत नाही. आणि प्रत्येक प्रयोग सोसायटीच्या नाही तर सावकाराच्या पैशावर. ज्याची चूक फुकटात सुधारते त्याला सराव करायला यंत्र दिले, आणि ज्याची चूक सातबाऱ्यावर बोजा होऊन चढते त्याला काय दिले? भाषण!

2020 च्या टाळेबंदीपासून आमची प्रशिक्षणे फोनवर आली. साहेब पडद्यावर, शेतकरी फोनला कान लावून. पहिली दहा मिनिटे "आवाज येतोय का?" यात जातात. मग गुलाबी बोंडअळीचा फोटो, मग योजनेची माहिती, शेवटी हजेरीसाठी पडद्याचे चित्र. पूर्वी हे सभागृहात चहा-पोह्यांसकट व्हायचे, आता पोहेही गेले. मी कृषी पदवीधर आहे, असली भाषणे ऐकलीही आहेत आणि केलीही आहेत. डवरणी कशी करावी हे भाषणातून कळत नाही, डवरा हातात घ्यावा लागतो.

पवईच्याच आवारातला दुसरा दाखला पाहा. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तेथे 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम चालला. धडा साधारण दहा मिनिटांचा. अर्ध्या पडद्यावर शिकवणारा करून दाखवतो, उरलेल्या अर्ध्यात शिकणारा तेच आपल्या हाताने करतो. आवाज मराठीतही आहे, आणि नेट नसले तरी धडा चालतो. म्हणजे मराठीत, स्वस्तात, विनानेट आणि करत-करत शिकवणे अशक्य आहे हा बहाणा पवईनेच खोटा पाडला आहे.

आता आपल्या कामाचे बोलू. गुलाबी बोंडअळीने 2017 साली विदर्भ-मराठवाड्याचा कापूस खाल्ला. शिफारस सोपी आहे: टेहळणीसाठी एकरी दोन कामगंध सापळे, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले किंवा शंभरात दहा बोंडे किडकी निघाली तर फवारणी. वाचायला दोन ओळी. पण पाचव्या रात्री सहा पतंग, सहाव्या रात्री नऊ, सातव्या रात्री पाऊस आणि सापळा रिकामा, डोमकळ्या मात्र दिसू लागल्या, तर काय करायचे? असा हंगाम फोनवर वीसदा खेळता आला, चुकलेल्या फवारणीचा खर्च आणि उरलेली बोंडे तिथल्या तिथे दिसली, तर एकविसावा हंगाम खऱ्या शेतात खेळताना हात थरथरणार नाही. त्याच 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. डोक्याएवढ्या कपाशीत, उलट्या वाऱ्यात पंप मारला तर तुषार कुठे जातो, हे फवारणाऱ्याला मरणाआधी पाहायला मिळायला हवे होते. हा खेळ फोनवर ठेवून भागणार नाही. पंप बहुधा मजुराच्या पाठीवर असतो, म्हणून तो चावडीवर, मोठ्या पडद्यावर दाखवा.

पाण्याचे तर गणितच आहे. भारी काळ्या जमिनीच्या एका फुटात पिकाला उचलता येईल असे पाणी साधारण 45 ते 60 मिलिमीटर. बोंडे भरताना कपाशी दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पिते. एक फूट खोलीच्या रानात पावसाने दहा दिवस दडी मारली की पीक माना टाकते, तीन फुटी रानात महिनाभर तग धरते. बांध एक, शेजारी दोन, सल्ला मात्र दोघांना एकच! शेततळ्याचेही तसेच. 30 बाय 30 बाय 3 मीटरचे तळे नऊ गुंठे रान खाते आणि त्यात सुमारे 22 लाख लिटर मावते. एकराला 50 मिलिमीटरचे एक संरक्षित पाणी म्हणजे दोन लाख लिटर. बाष्प आणि झिरप वजा जाता किती एकर भिजेल, आणि ज्या वर्षी तळे भरलेच नाही त्या वर्षी काय, हे जेसीबी बोलावण्याआधी फोनवर करून बघता आले पाहिजे.

हे आकाशातले बोलणे नाही. 2018 साली जागतिक बँकेच्या कर्जावर सुरू झालेल्या पोकरा प्रकल्पात 15 जिल्ह्यांतल्या सुमारे पाच हजार गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे साधन पवईच्या आयआयटीनेच तयार केले. पाऊस, माती, उतार, पीक घाला. वाहून किती गेले, मातीत किती राहिले, जमिनीत किती मुरले ते मिळते. गणित तयार आहे. गावाच्या आराखड्यासाठी ते वापरले, आता ते शेतकऱ्याला शिकण्यासाठी खुले करा, एवढेच मागणे आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, फोनवरच्या खेळाने कापसाला भाव मिळतो काय? नाही मिळत. भावाची लढाई वेगळी, ती चालूच राहील. पण भाव मिळाला तरी घरात माल यावा लागतो. साहेब म्हणतील, तुमचा शेतकरी अडाणी, त्याला हे झेपणार नाही. जो फोनवर बाजारभाव बघतो, पैसे पाठवतो, त्याला सापळ्यातले पतंग मोजता येणार नाहीत?

खरा धोका तिसराच आहे. पावसाचा आकडा महसूल मंडळाचा, मातीचा आकडा नकाशावरचा, आणि निकाल माझ्या शिवाराचा! ज्या गणितात मला माझा आकडा घालता येत नाही ते गणित नव्हे, तो फतवा झाला. म्हणून अट एक: प्रत्येक आकडा शेतकऱ्याला बदलता आला पाहिजे. दुसरी त्याहून कडक: शिकताना आम्ही भरलेले आकडे विमा कंपनी, बँक किंवा बियाणेवाल्याकडे जाता कामा नयेत. सरावातली चूक दावा नाकारायला वापरली गेली तर आम्ही फोन बंद करू. आणि शेतीशाळा बंद करून तिच्या जागी हा खेळ आणायचा डाव कोणाचा असेल, तर त्यालाही आमचा विरोध. आधी पडद्यावर, मग बांधावर, असाच क्रम हवा.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने दहा शेतांचे आकडे आणावेत: मुरूम लागेपर्यंत खड्डा खणून मोजलेली मातीची खोली, गेल्या पाच खरिपांतल्या पेरणीच्या तारखा, आणि त्या-त्या वर्षी पावसाने दिलेला सर्वांत मोठा खंड. हे कागद घेऊन आपले शिष्टमंडळ पवईला जाईल. खड्डा टिकावानेच खणा, अंदाजाने खोली लिहू नका.