काचेआडचा गुत्ता

गुत्ता या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता. सरकारकडून दारूविक्रीचा मक्ता घेऊन चालविलेले ठिकाण, म्हणून तो गुत्ता. पुढे त्या शब्दाला असा काही दर्प चिकटला की पांढरपेशा माणूस त्या रस्त्याने जाणेही टाळीत असे. आता मक्त्याला परवाना म्हणतात, गुत्त्याला टॅपरूम म्हणतात आणि कोणालाही काही टाळावे लागत नाही. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी थाटली. तेव्हापासून हे लोण महानगरांतून दुसऱ्या फळीतील शहरांकडे सरकत आहे आणि संत्रानगरीही त्याच्या वाटेवरच आहे.

या नव्या गुत्त्याची रचना मोठ्या हुशारीने केलेली असते. दर्शनी काचेमागे पोलादाची चकचकीत पिंपे. मोड आणून भाजलेल्या सातूपासून, म्हणजे माल्टपासून, बिअर कशी होते, हॉप्सची फुले तिला कडवटपणा कशी देतात, याची माहिती भिंतीवर. एखाद्या प्रयोगशाळेत आल्याचा भास व्हावा! बैठे खेळ, संगीत, मुलांसाठी वेगळे खाद्यपदार्थ. म्हणजे बाप ग्लास रिकामा करीत असताना मुलगा शेजारी बटाट्याच्या काचऱ्या खात बसणार. दारूला आजवर मध्यमवर्गीय घराचा उंबरठा सहजासहजी ओलांडता येत नव्हता. तिने त्यावर उपाय शोधला: घरालाच आपल्याकडे बोलाविले.

‘ही दारू नव्हे, बिअर आहे’ हा युक्तिवाद सुशिक्षितांच्या तोंडी सर्रास ऐकू येतो. त्याचा हिशेब सोपा आहे. पाच टक्के मद्यार्काच्या अर्धा लिटर बिअरमध्ये सुमारे वीस ग्रॅम मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या साठ मिलिलिटरच्या, म्हणजे ‘लार्ज’ पेगमध्येही तेवढाच. ती हाताने गाळली की कारखान्यात, गव्हाची की सातूची, हे यकृताला कळत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच कर्करोगजनक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्टच सांगितले. पश्चिमेकडून सर्व काही घेणाऱ्यांनी एवढे तेवढे घेतलेले नाही.

दुसरा युक्तिवाद आपल्या परंपरेच्या नावाने केला जातो. वैदिक ऋषी सोम पीत नव्हते काय? सोम आणि सुरा यांतला भेद ज्यांना ठाऊक नाही तेच असे विचारू शकतात. सोम ही वल्ली. ती यज्ञात कुटून, तिचा रस गाळून त्याच वेळी देवतेला अर्पण करीत. सुरा आंबवावी लागते, आणि मनुस्मृतीने सुरापानाची गणना ब्रह्महत्येच्या पंक्तीतील महापातकांत केली आहे. स्मृतिकारांना एरवी शिव्या घालणारे लोक ग्लास हातात आला की वेदांचे अभिमानी होतात, ही गंमतच म्हणायची.

परंपरेचीच गोष्ट काढायची तर ती मोहाची काढावी. गोंड समाजात जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींत मोहाला स्थान आहे. त्याने स्वतःच्या गरजेपुरती ती गाळली तर ती हातभट्टी, आणि वर पोलिसांचा धाक. शहरात तेच आंबविणे काचेआड, वातानुकूलित दालनात झाले की ती ‘क्राफ्ट’, म्हणजे कला! वनवासी बांधवाला गुन्हेगार आणि नगरवासीयाला रसिक ठरविणारी ही दृष्टी इंग्रजांच्या अबकारी खात्याकडून आली आहे. आपण ती तशीच पुढे चालविली.

ज्या भूमीवर हे चालले आहे तिचा इतिहासही आठवावा. असहकाराच्या काळात याच नागपुरात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले. त्याच आंदोलनात काटोल व भरतवाडा येथे केलेल्या भाषणांसाठी डॉ. हेडगेवारांना ऑगस्ट १९२१ मध्ये एक वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर हेच सांगत विदर्भाची खेडी पालथी घातली. शेजारच्या वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. २०१० साली चंद्रपूर जिल्ह्यातील हजारो भगिनी चिमूरहून पायी चालत नागपूरच्या विधानभवनावर आल्या. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन आंदोलन चालविले, तेव्हा कुठे १ एप्रिल २०१५ रोजी तेथे बंदी लागू झाली. महाविकास आघाडी सरकारने २०२१ साली ती उठविली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, हे कारण. चोऱ्या वाढल्या म्हणून चोरीविरुद्धचा कायदा कोणी रद्द केल्याचे ऐकिवात नाही.

त्या मोर्चातल्या बायकांना ‘मागास’ ठरवून येथे कोणी ‘चव’ आणि ‘सुगंध’ यांची चर्चा करीत असेल, तर त्याने हे ध्यानात घ्यावे की मजुराचा संसार बुडविणारी वस्तू आणि अभियंत्याच्या संध्याकाळची शोभा ही एकच आहे.

आता थोडे कटू बोलावे लागेल. आज राज्यात आपल्या विचाराचे सरकार आहे, म्हणून या विषयावर मौन पाळणे योग्य नव्हे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले आणि त्यातून सुमारे चौदा हजार कोटी रुपयांच्या वाढीव महसुलाची अपेक्षा धरली. धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ असा नवा प्रकारही त्याच निर्णयात आला. दर वाढला याचा आनंद आहे. पण महसुलाचे आकडे दारूवर उभे राहू लागले की खप कमी व्हावा असे कोणत्या अर्थमंत्र्याला वाटेल? आपल्या राज्यघटनेचा ४७वा अनुच्छेद राज्याला मद्यबंदीकडे जाण्याचे निर्देश देतो. आपल्या राज्यात दारूचा कायदा अजूनही ‘दारूबंदी अधिनियम’ या नावाने ओळखला जातो, आणि पिणाऱ्याला एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. तोही आरोग्याच्या रक्षणासाठी!

एका रात्रीत राज्यभर बंदी आणा, अशी येथे मागणी नाही. मागणी त्याहून साधी आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी अथवा नियंत्रण घालण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतील एखाद्या पाड्यावरच्या माउलीला जो अधिकार आहे, तो धरमपेठेतील वा प्रतापनगरातील गृहिणीला का नसावा? शहरातील प्रभागासाठी ‘आडवी बाटली’ची तरतूद आहे, हे खरे. परंतु त्यात दुकान आधी येते. मग पाव मतदारांच्या सह्या जमवा, पडताळणीची वाट पाहा, आणि शेवटी यादीतील एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पाडून दाखवा. ही अट नगरसेवकाला लावली तर महापालिकेच्या सभागृहात किती खुर्च्या भरतील? मार्च २०२५ मध्ये सरकारने गृहनिर्माण सोसायटीतील नव्या बिअर व मद्यविक्रीच्या दुकानासाठी सोसायटीची संमती बंधनकारक करण्याची घोषणा केली; ते स्वागतार्ह पाऊल होते. मात्र टॅपरूम स्वतंत्र इमारतीत वा व्यापारी संकुलात उघडते, आणि तिची गर्दी, वाहने व मध्यरात्रीचा गोंगाट शेजारच्या रहिवाशांच्या वाट्याला येतो. तेव्हा परवाना देण्यापूर्वी वस्तीची जाहीर सभा घ्यावी, त्या सभेत महिलांचा कौल स्वतंत्रपणे नोंदवावा, तो अधिकाऱ्यावर बंधनकारक असावा, आणि हा नियम देशी दारूच्या दुकानाइतकाच मायक्रोब्रुअरीलाही लागू व्हावा. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरते. आमदारांच्या दारी निवेदन घेऊन जायला चिमूरच्या भगिनींना कित्येक दिवस चालावे लागले होते. आपल्याला रामदासपेठेतून निघाले तर अर्धा तासही लागणार नाही.