मला आवडतं, मे गुस्ता!

‘आधी इंग्रजी तरी धड येऊ दे, मग बाकीचं बघू!’ परदेशी भाषा शिकायची म्हटलं की आपल्या औंढ्यासारख्या गावात मुलींना, सुनांना हे ऐकावंच लागतं. मला हे पटत नाही. निदान स्पॅनिशच्या बाबतीत तरी आपली मराठीच जास्त कामाची आहे.

आवडीनिवडीचंच बघा. इंग्रजीत ‘आय लाईक टी’. सगळा कारभार ‘मी’चा. मराठीत मात्र चहा ‘मला’ आवडतो. स्पॅनिशही तेच म्हणते, ‘मे गुस्ता एल ते’. ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्ता’ म्हणजे आवडतो. आंबे पुष्कळ असले की आपण ‘आवडतात’ म्हणतो, तसं तिथे ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद बदलतं ते आवडलेल्या वस्तूप्रमाणे. इंग्रजी बोलणारे नेमके इथे अडखळतात. आपण तर हे लहानपणापासून बोलतोय! शिवाय आवडतो-आवडते-आवडतं ही भानगडही तिथे नाही.

आता हवेचं. मे महिन्यात नागनाथाच्या दर्शनाच्या रांगेत आपण म्हणतो, ‘बाई गं, किती उकडतंय!’ कोण उकडतंय, असं कुणी विचारत नाही. इंग्रजीला तिथे ‘इट’ लागतंच, स्पॅनिशला नाही. ‘आसे कालोर’ म्हणजे उकडतंय, ‘आसे फ्रीओ’ म्हणजे गारठा आहे. पाऊस पडतोय? ‘युएवे’. एका शब्दात काम झालं. एक फरक तेवढा लक्षात ठेवा. ‘मला थंडी वाजते’ला तिथे ‘तेंगो फ्रीओ’ म्हणतात, म्हणजे ‘माझ्याकडे थंडी आहे’!

मराठी माणसानं परकी भाषा आपलीशी केल्याचं उदाहरण शोधायलाही लांब जायला नको. नामदेवांना गुरू विसोबा खेचर औंढ्यातच भेटले, असं परंपरा सांगते. तेच नामदेव पुढे पंजाबात गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत.

इंग्रजी नको, असं मी म्हणत नाही. ती हवीच. पण ती येईपर्यंत बाकीची दारं बंद कशाला? स्पॅनिश तर तब्बल २० देशांचा कारभार सांभाळते. शिकवणाऱ्यांनीही ती थेट मराठीतून शिकवावी. तोवर मैत्रिणींनो, एक वही घ्या. रोज आवडीची दोन वाक्यं आणि हवेचं एक, एवढं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.