क्लारो रेक्तो आणि दोन कादंबऱ्या



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका मातेने आम्हांस गाठले. "फादर, मुलाला कॉलेजात धर्मगुरूंची निंदा करणारे पुस्तक नेमले आहे. वाचू द्यावे का?" हा प्रश्न ऐकताच आम्हांला फिलिपाइन्सच्या क्लारो रेक्तो यांचे स्मरण झाले.

रेक्तो यांचा जन्म १८९० साली तियाओंग या गावी झाला. मनिला येथील येशूसंघीयांचे आतेनेओ आणि दोमिनिकन संघाचे सांतो तोमास विद्यापीठ या दोन कॅथलिक संस्थांत ते शिकले. १९११ साली, ऐन तारुण्यात, 'माडांखाली' अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा स्पॅनिश काव्यसंग्रह निघाला. पुढे ते नामांकित वकील व सिनेटर झाले. १९३५ सालची राज्यघटना ज्या परिषदेने घडविली, तिचे ते अध्यक्ष होते. जपानी अंमलात त्यांनी मंत्रिपद स्वीकारले. त्यापायी युद्धानंतर त्यांच्यावर देशद्रोहाचा खटला झाला व ते निर्दोष सुटले. देश १९४६ साली स्वतंत्र झाला, तरी अमेरिकन लष्करी तळ तेथेच राहिले. त्या परावलंबनावर रेक्तो यांनी अखेरपर्यंत प्रहार केले.

परंतु १९५६ साली त्यांची गाठ पडली ती स्वतःच्याच बिशपांशी. होसे रिझाल या हुतात्म्याच्या 'नोली मे तांगेरे' व 'एल फिलिबुस्तेरिझ्मो' या कादंबऱ्या प्रत्येक महाविद्यालयात शिकविल्या जाव्यात, असे विधेयक त्यांनी मांडले. स्पॅनिश मठवासीयांचे अत्याचार रिझाल यांनी निर्भीडपणे रंगविले होते; त्याबरोबरच काही धर्मतत्त्वांवरही आघात केले होते. म्हणून बिशपांनी कडाडून विरोध केला. अखेर तडजोड झाली. कायदा संमत झाला. मात्र श्रद्धेच्या कारणास्तव ज्यास मूळ ग्रंथ वाचावयाचे नसतील, त्यास लेखी प्रतिज्ञेवर सूट मिळाली. अभ्यासक्रमातून मात्र कोणासही सूट नव्हती.

बिशपांची चिंता खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. मुलांची श्रद्धा जपणे हे मेंढपाळाचे कर्तव्यच होय. पण घडलेले अन्याय झाकल्याने श्रद्धा जपली जात नाही. शिवाय एक गोष्ट विसरू नये. 'एल फिलिबुस्तेरिझ्मो' हा ग्रंथ रिझाल यांनी तीन धर्मगुरूंनाच अर्पण केला आहे. गोमेझ, बुर्गोस आणि सामोरा हे ते तिघे. १८७२ साली स्पॅनिश सत्तेने त्यांना देहान्त दिला. ज्या पुस्तकास धर्मगुरूंचा वैरी म्हटले गेले, त्याच्या पहिल्याच पानांवर धर्मगुरूंना वंदन आहे! हे न उघडलेल्या पुस्तकातून कसे कळावे?

रेक्तो १९५७ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले व पराभूत झाले. २ ऑक्टोबर १९६० रोजी प्रवासात असताना त्यांना मृत्यूने गाठले, तेही रोम नगरीत. बिशपांशी झुंजलेल्या या माणसाने पेत्राच्या नगरीत डोळे मिटले.

त्या मातेस आम्ही एवढेच सांगितले, "बाई, मुलाला वाचू द्या; पण एकट्याला नको. तुम्हीही वाचा, आणि शंका आली तर दोघेही आमच्याकडे या."