सांगायला पाळकच कशाला हवेत?

1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. वय तिशीच्या पुढे, संस्कृतचा व्यासंग दांडगा, कवी म्हणून नाव होऊ लागलेलं. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, चित्पावन घरातले. आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. बोलणं सुरू झालं ते काव्यावर आणि संस्कृत वाङ्मयावर. बराच वेळ गेल्यावर त्या गृहस्थांनी ख्रिस्ताविषयी टिळकांचं मत विचारलं. मग आपलं सांगितलं, नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली आणि ती वाचण्याचं वचन घेतलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही ते म्हणून गेले. टिळकांना त्या वेळी ते पटण्यासारखं नव्हतंच. पण शब्द दिला होता, म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन लागलं आणि मग ते त्यांना खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मराठी ख्रिस्ती घरात ही हकीकत माहीत नाही असा माणूस विरळा. ती सांगताना आपण बहुधा टिळकांचंच कौतुक करतो, आणि ते योग्यही आहे. आज मात्र मला त्या सहप्रवाशाबद्दल लिहायचं आहे. त्या दिवशी त्यांच्या हाताशी व्यासपीठ नव्हतं, सभा नव्हती. ओळख होती ती प्रवासापुरती. त्यांनी आधी समोरच्या माणसाला जे आवडतं त्यावर गप्पा मारल्या, त्याचं मत विचारलं, ते ऐकून घेतलं आणि शेवटी आपल्या मनातलं सांगितलं. एवढं तर आपल्यापैकी कुणालाही जमेल.

पण आपण ते करत नाही. पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या पट्ट्यात आता ख्रिस्ती कुटुंबं बरीच आहेत. नगर-जालना-सोलापूरकडून आलेली मराठी, वसईची, गोव्याची, मंगळूरची, केरळची. रविवारी उपासनेला आपण सारे वेळेवर हजर असतो. सोमवारी सकाळी पनवेलहून सुटणाऱ्या हार्बरच्या गाडीत रोजची तीच मंडळी भेटतात आणि सीएसएमटीपर्यंत तासाहून जास्त वेळ शेजारी बसतात. कुणाच्या आईचा गुडघा दुखतो, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाच्या सोसायटीचं पाणी तुटलंय, सगळं एकमेकांना ठाऊक असतं. पण आपण दुःखात कुणाचा धावा करतो, रात्री झोपण्यापूर्वी काय मागतो, हे मात्र वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्यालाही माहीत नसतं. नाताळला करंज्या आणि केकचं ताट शेजारी जातं. त्यांनी विचारलंच, तर आपण सांगतो, ‘आमचा सण आहे.’ सण कशाचा, हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, आणि तीच आपण देत नाही.

‘ते पाळकसाहेबांचं काम’ असं पुष्कळजण म्हणतात. मार्काच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट त्यांनी पुन्हा वाचावी. गरसेकरांच्या मुलखातला, कबरस्तानात राहणारा, साखळ्या तोडणारा माणूस बरा झाला. त्याला येशूबरोबर नावेतून जायचं होतं. येशूने त्याला बरोबर घेतलं नाही. घरी जा आणि आपल्या माणसांना झालेलं सांग, म्हणून परत पाठवलं. ना शिक्षण, ना दीक्षा. त्याच्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे स्वतःवर झालेली दया. आपल्याकडे ‘साक्ष देणं’ म्हणतात ते मुळात हेच. वकिली करणं वेगळं. साक्षीदाराने फक्त जे पाहिलं ते सांगायचं असतं.

आता दुसरी बाजू. बाजारात, लोकलमध्ये कधी कधी जे चालतं त्याने मला मनापासून वाईट वाटतं. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवणं, आजाऱ्याला औषध सोडायला सांगणं, मदत देताना प्रार्थनेला येण्याची अट घालणं. हे शुभवर्तमान नव्हे. भुकेल्याला भाकरी द्यायची ती तो भुकेला आहे म्हणून. त्यापुढे काही मागायचं नाही. पेत्रानेही आपल्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना सांगितलं की आपल्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. तिथे प्रश्न आधी आहे आणि उत्तर नंतर. लोकांनी विचारावं असं आपलं जगणं आहे का, हे आपणच तपासायला हवं.

कायद्याचं भय अनेकांना वाटतं, म्हणून थोडक्यात. घटनेच्या 25व्या कलमात आपला धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. ख्रिस्ती माणसाने या निकालाने खट्टू व्हावं असं मला वाटत नाही. दुसऱ्याचं मन बदलणं आपल्या हातात नाहीच. आपलं काम सांगण्याचं, पुढचं देवाचं आणि ऐकणाऱ्याचं.

याचा दाखला आपल्या पनवेलमध्येच उभा आहे. जुन्या पनवेलमधलं बेथ एल सिनेगॉग 1849 सालचं. कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी लोक शतकानुशतकं मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू भाषा आणि ग्रंथ यांच्याशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटला होता. 19व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मिशनने त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. जुना करार त्यांना मराठीत वाचायला मिळू लागला. मिशनऱ्यांची आशा काय होती हे उघड आहे. झालं वेगळंच. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे, बाकीचा समाज हाती आलेल्या ग्रंथामुळे आपल्या यहुदी धर्मात अधिक पक्का झाला. कुणी याला अपयश म्हणेल, मी म्हणणार नाही. मोशे आणि दावीद आपल्या मराठीतून पनवेलच्या एका समाजाच्या घरात पोचले, आणि त्या समाजाने आपल्या विवेकाने निर्णय घेतला. ज्याने मनापासून सांगितलं त्याने ऐकणाऱ्याचा हा अधिकारही मनापासून मानला पाहिजे.

घरातल्या माणसांना सांगणं सगळ्यांत अवघड, आणि तिथे घाई सगळ्यांत जास्त दुखावते. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी जे सोसलं ते त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं आणि वेगळी चूल चालूच होती. टिळकांनी त्यावर बळजोरी केली नाही. जातीपाती देवाने केल्या की माणसाने, हा विचार लक्ष्मीबाईंनी आपला आपण केला, आणि 1900 साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात एकजण विश्वासात आला आहे आणि बाकीचे नाहीत, त्या घराने ही पानं जरूर वाचावीत. तिथे बोलण्यापेक्षा धीर धरण्याची गरज जास्त असते, आणि तो धीर हीच मोठी साक्ष ठरते.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. टिळक सांगत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, ओवीत ‘ख्रिस्तायन’ सुरू केलं, कीर्तनं केली. ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 साली, फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच छापून आलं होतं. एवढा वारसा असताना आपली तरुण मुलं इंग्रजी गाण्यांवर टाळ्या वाजवतात आणि शेजारच्या काकूंसाठी मराठीत चार वाक्यांची प्रार्थना करायची वेळ आली की गप्प होतात. त्यात मुलांचा दोष कमी, आपला जास्त. घरात रोज मराठीत प्रार्थना झाली नाही तर त्यांनी ती शिकायची कुठे?

तेव्हा पनवेलमधल्या माझ्या ख्रिस्ती वाचकांना विनंती आहे. पत्रकांचे गठ्ठे काढायची गरज नाही. या आठवड्यात आपल्या मजल्यावरच्या किंवा डब्यातल्या एका माणसाची मनापासून विचारपूस करा. त्याचं ऐका. त्याच्या घरी आजारपण असेल तर डबा घेऊन जा. त्याने होकार दिला तर तिथेच, मराठीत, त्याच्यासाठी प्रार्थना करा. प्रभूने तुमच्यासाठी काय केलं, असं त्याने विचारलं तर खरं तेच सांगा. आणि तो ‘आमचं आमच्यापाशी’ म्हणाला, तर हसून विषय बदला आणि पुढच्या नाताळलाही त्याच्या घरी ताट पाठवा.