‘एमआरआय-गाइडेड’ ॲब्लेशन : नावाला भुलू नका, आधी नाडी धरा

अलीकडे ओपीडीत एक नवी मागणी ऐकू येते. ‘डॉक्टर, आईच्या ठोक्यांसाठी ॲब्लेशन सांगितलंय. पण ते एमआरआय बघून करतात ना, तसलंच करायचं. पैशाचं बघू कसंतरी.’ जालना, बीड, परभणीकडून येणारी माणसं हे बोलतात तेव्हा ‘कसंतरी’ म्हणजे काय, ते मला कळतं. सोनं गहाण पडतं, नाहीतर जमिनीचा तुकडा जातो.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ॲट्रियल फिब्रिलेशन या आजारात एमआरआयमध्ये दिसणारे डाग बघून जास्तीच्या जागा जाळल्याने बहुतेक रुग्णांना फायदा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. त्या नावासाठी कर्ज काढू नका. का, ते पुढे वाचा.

आधी आजार समजून घ्या

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोक्यांचं नैसर्गिक घड्याळ असतं. ॲट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचे दोन्ही कप्पे त्या घड्याळाचं ऐकत नाहीत, नुसते थरथरत राहतात. नाडी पूर्ण अनियमित होते. काहींना धडधड, दम, थकवा जाणवतो, तर काहींना काहीच जाणवत नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो. हा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट असतो. या आजारातली सर्वांत मोठी भीती तीच आहे.

ॲब्लेशनमध्ये मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयात नेतात आणि फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने किंवा अति थंडीने चट्टा तयार करतात. याच जागा का? कारण 1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्डो इथल्या डॉ. हायसागेर यांच्या गटाने दाखवून दिलं, की चुकीचे ठोके बहुतांशी या शिरांमधूनच सुरू होतात. योग्य रुग्णाला ॲब्लेशनने चांगला आराम पडतो. माझा विरोध ॲब्लेशनला नाही.

एमआरआय यात कुठून आला?

गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देऊन काही मिनिटांनी एमआरआय काढला, तर हृदयातला वण झालेला भाग उजळ दिसतो. कप्प्याच्या भिंतीत असे वण जास्त असतील तर ॲब्लेशननंतर आजार पुन्हा उलटण्याची शक्यता जास्त, हेही दिसून आलं होतं. मग कल्पना निघाली : शिरांच्या तोंडांबरोबर हे वणही जाळले तर?

कल्पना ऐकायला पटते. पण वैद्यकशास्त्रात पटणं पुरत नाही, तपासावं लागतं. तशी तपासणी झाली. ‘डिकाफ-टू’ या चाचणीचे निकाल 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. आजार सतत टिकून असलेले 843 रुग्ण घेतले. एका गटात नेहमीचं ॲब्लेशन केलं, दुसऱ्या गटात त्याशिवाय एमआरआयमध्ये दिसलेले वणही जाळले. नेहमीच्या ॲब्लेशननंतर सुमारे 46 टक्के रुग्णांत लय पुन्हा बिघडली, तर एमआरआय गटात सुमारे 43 टक्के रुग्णांत. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. उलट एमआरआय गटात सहा जणांना मेंदूचा झटका आला, दुसऱ्या गटात एकालाही नाही.

हे आकडे जाहिरातीत कधी दिसलेत का तुम्हाला?

असं का झालं असावं? डाव्या वरच्या कप्प्याची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. इतक्या पातळ आणि सतत हलणाऱ्या भिंतीचं चित्र काढताना यंत्राची मर्यादा येते. शिवाय वण दिसला म्हणजे बिघाड तिथूनच सुरू होतो असं नाही. आणि जितकं जास्त जाळाल, तितकी हृदयाला इजाही जास्त.

‘गाइडेड’ म्हणजे नेमकं काय?

हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. पहिली : एमआरआय आधी काढून ठेवायचा आणि कॅथलॅबमध्ये संगणकाच्या नकाशावर तो बसवायचा. दुसरी : रुग्णाला एमआरआय यंत्रातच ठेवून, चालू चित्र बघत ॲब्लेशन करायचं.

दुसरी गोष्ट फार अवघड आहे. ते चुंबक किती ताकदवान असतं, हे महाराष्ट्राने 2018 च्या जानेवारीत पाहिलं. मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत गेला आणि यंत्राने खेचल्यामुळे एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला. अशा खोलीत नेहमीच्या धातूच्या तारा चालत नाहीत, त्या तापू शकतात. वेगळ्या तारा, वेगळी उपकरणं लागतात. हे काम मुख्यतः युरोपातल्या मोजक्या केंद्रांत आणि बहुतेक करून ॲट्रियल फ्लटर या तुलनेने सोप्या विकारात झालं आहे. तेव्हा आपल्याकडे कुणी ‘एमआरआय-गाइडेड’ म्हणालं, तर यातलं नेमकं कोणतं, हे विचारून घ्या.

एमआरआय खरंच कुठे हवा?

एमआरआय वाईट आहे असं कृपा करून समजू नका. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून सुरू होणारी घातक धडधड, म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, यात चित्र वेगळं आहे. खालच्या कप्प्याची भिंत जाड असते, जुन्या हार्ट अटॅकचा वण स्पष्ट दिसतो आणि तार कुठे न्यायची याचा अंदाज येतो. स्नायूंच्या आजारांत तर निदानच बदलतं.

हैदराबादच्या डॉ. नरसिंहन यांच्या गटाचं काम इथे आठवतं. कारण न सापडलेल्या अशा धडधडीच्या रुग्णांत एमआरआय, पेट स्कॅन आणि गाठींची तपासणी केल्यावर काहींमध्ये सार्कॉइडोसिस किंवा चक्क टीबी निघाला. अशा रुग्णाला नुसतं जाळून भागत नाही, मूळ आजाराची औषधं द्यावी लागतात. टीबी घरोघरी माहीत असलेल्या आपल्या भागात ही गोष्ट महत्त्वाची आहे. इथे मी स्वतः एमआरआयचा आग्रह धरतो. फक्त किडनीचा आजार किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा.

मग पैसा आणि लक्ष कुठे द्यायचं?

मनगटावर तीन बोटं ठेवा, पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. अनियमित लागली तर ईसीजी काढा. मग टू-डी इको आणि थायरॉइडची तपासणी.

गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी नेमाने घ्या. लाखो रुपयांच्या ॲब्लेशनची चौकशी करणारे कितीतरी जण ही गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मनानेच सोडतात, याचा मला खरा राग येतो. ॲब्लेशननंतरही ती किमान दोन-तीन महिने प्रत्येकाला लागते. त्यापुढे चालू ठेवायची की नाही, हे वय, बीपी, शुगर, आधीचा झटका यांवरून ठरतं. लय सुधारली एवढ्यावरून ठरत नाही.

लहानपणीच्या सांधेतापाने झडप आकसलेली असेल, तर जुन्या ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन गोळ्या आणि आयएनआर तपासणी यांना आजही पर्याय नाही. 2022 च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत साडेचार हजारांवर अशा रुग्णांत नवी महागडी गोळी जुन्या गोळीपेक्षा कमी पडली.

आणि वजन. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या 2015 च्या अभ्यासात ज्यांनी 10 टक्के वजन उतरवून टिकवलं, त्यांची लय नीट राहण्याची शक्यता सहापट होती. बीपी, घोरणं, दारू यांचाही बंदोबस्त करा. हे केल्याशिवाय कुठलंही ॲब्लेशन फार काळ टिकणार नाही.

‘पण डॉक्टर, शास्त्र पुढे जाणारच ना?’

जाणारच, आणि जायलाच हवं. उद्या चांगला पुरावा आला तर मी इथेच तसं लिहीन. पण जे अजून सिद्ध व्हायचं आहे, ते संशोधन म्हणून, रुग्णाची रीतसर संमती घेऊन करावं. त्याचं बिल शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर पडता कामा नये.

ॲब्लेशन सुचवलं असेल तर हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या :

1. माझा आजार वरच्या कप्प्याचा आहे की खालच्या?
2. औषधांनी भागण्यासारखं आहे का?
3. एमआरआयमुळे माझ्या उपचारात नेमकं काय बदलणार?
4. त्यासाठी जास्तीचे पैसे किती आणि जास्तीचा धोका कोणता?
5. रक्त पातळ करणारी गोळी किती काळ घ्यायची?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. तिसऱ्या प्रश्नाला ‘लेटेस्ट टेक्नॉलॉजी आहे’ एवढंच उत्तर मिळालं, तर सही करू नका. फाइल घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांचं मत घ्या, घाटीत दाखवलंत तरी चालेल. तोवर गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका.